साडीच्या दुकानातला ‘मर्सराइज्ड’ शब्द ज्याच्या नावावरून आला, त्यानं ती चकाकी शोधलीच नव्हती

साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार घडी उलगडून उजेडात धरतो आणि हे मर्सराइज्ड कॉटन आहे, असं आवर्जून सांगतो. शिवणकामाच्या दोऱ्याच्या रिळावरही कधी कधी हा शब्द दिसतो. मर्सराइज्ड म्हणजे चमक असलेलं सूत, एवढं बहुतेकांना माहिती असतं.

पण हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय. आणि गंमत म्हणजे ज्या चमकेमुळं हे आडनाव जगभर पोहोचलं, ती चमक त्यानं शोधलेलीच नव्हती. त्यानं जे शोधलं होतं ते त्याहून मोठं होतं.

तर हा माणूस म्हणजे जॉन मर्सर. जन्म 21 फेब्रुवारी 1791, इंग्लंडमधल्या लँकेशायरमधलं ग्रेट हारवूड हे गाव. वडील हातमागावर विणायचे. जॉन लहान असतानाच ते वारले आणि नऊ वर्षांच्या पोराच्या हातात बॉबिन आली. शाळा अशी झालीच नाही. लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला त्याला शिकवलं ते जवळच्या ओकनशॉ इथल्या कापड छपाईच्या कारखान्यातल्या एका नक्षीकारानं.

सोळाव्या वर्षी त्याच्या डोक्यात रंग शिरला. आईनं दुसरं लग्न केलं होतं. तिच्या मांडीवरच्या सावत्र भावाच्या अंगात नारिंगी झबलं होतं, आणि तो रंग बघून जॉन हरखून गेला. हा रंग बनतो कसा, हे सांगणारं कुणीच नव्हतं. मग तो ब्लॅकबर्नच्या बाजारातून रंगाची लाकडं, तुरटी असलं सामान घेऊन आला आणि चुकत माकत स्वतःच रंगवायला शिकला.

1809 मध्ये त्याला ओकनशॉच्या कारखान्यात रंगखात्यात उमेदवारी मिळाली. पण नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळं धंदा बसला, वर्षभरात उमेदवारी सुटली आणि जॉन परत मागावर.

इथं गोष्ट संपलीही असती. पण लग्नाचा परवाना काढायला तो ब्लॅकबर्नला गेला आणि तिथं जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला रसायनशास्त्राचं एक खिशात मावेल एवढं पुस्तक मिळालं. लेखक होते जेम्स पार्किन्सन. हो, पार्किन्सन आजाराला ज्यांचं नाव आहे, तेच डॉक्टर! या पुस्तकातून जॉनला पहिल्यांदा कळलं की आपण अंदाजानं जे करतोय त्याला नियम आहेत. काही वर्षांतच त्यानं अँटिमनी या धातूपासून सुती कापडावर छापता येईल असा नारिंगी रंग तयार केला. झबल्याचं कोडं असं सुटलं.

1818 मध्ये ओकनशॉच्या कारखान्यानं त्याला रसायनतज्ज्ञ म्हणून परत बोलावलं. 1825 मध्ये तो तिथला भागीदार झाला. कुठल्याही विद्यापीठाची पायरी न चढता.

आता मुख्य शोध. साल 1844. मर्सर कॉस्टिक सोड्याचं दाट द्रावण सुती कापडातून गाळत होते. प्रयोग द्रावणावर होता, कापड नुसतं गाळणीपुरतं. पण द्रावण फार हळू उतरत होतं, आणि खाली आलं ते आधीपेक्षा पातळ झालेलं होतं. मग त्यांनी कापडाकडं बघितलं. ते आखडलं होतं, जाड झालं होतं आणि थोडं पारदर्शकही दिसत होतं. दुसऱ्या कुणी ते फेकून दिलं असतं. मर्सर यांनी गाळणीवरच काम सुरू केलं.

घडतं ते असं. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. दाट कॉस्टिक सोडा आत शिरला की तंतू फुगतो, पीळ सुटतो आणि तो गोलसर होतो. आतल्या सेल्युलोजच्या साखळ्या सैल होतात आणि सोडा धुऊन काढल्यावर नव्या पद्धतीनं बसतात. जुनी रचना परत येत नाही. असं कापड जास्त मजबूत असतं आणि रंग कितीतरी जास्त पितं.

तोवर कापडावर जे काही करायचे ते वरून करायचे. रंग लावा, खळ द्या, मेण चढवा. मर्सर यांनी तंतूच बदलला होता. 1850 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात हे कापड मांडलं गेलं आणि 1852 मध्ये रॉयल सोसायटीनं या विणकराच्या पोराला फेलो करून घेतलं.

कौतुक झालं, धंदा मात्र झाला नाही. कॉस्टिक सोडा तेव्हा महाग होता. शिवाय कापड आखडायचं, तेही थोडंथोडकं नाही. शंभर वार टाकलं की हातात ऐंशीच्या आसपास यायचं. वारावर विकणारा गिरणीमालक हा तोटा कशाला सोसेल?

मर्सर थांबले नाहीत. लोहाचे क्षार लावून त्यांनी उजेडाला प्रतिसाद देणारं कापड बनवलं. ऊन लागेल तिथं रंग उमटायचा आणि कापडावर चित्र तयार व्हायचं. आज ऊन, घाम किंवा तापमान ओळखणाऱ्या ‘स्मार्ट’ सुती कापडावर प्रयोग चालतात. त्यांचा पायाही हाच आहे, की कापूस ही मुकी वस्तू नाही, तिच्या तंतूंशी रसायनं जोडता येतात. आधुनिक यंत्रं नसताना मर्सर यांनी हे केलं होतं, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

30 नोव्हेंबर 1866 रोजी मर्सर वारले. तोवर त्यांची पद्धत जवळपास अडगळीत गेली होती.

मग 1890 च्या सुमाराला हॉरेस लो या इंग्रज रसायनतज्ज्ञानं एक साधी गोष्ट केली. सोड्यात असताना कापड ताणून धरलं. आखडणं थांबलं, आणि ताणलेल्या गोल, गुळगुळीत तंतूंवरून उजेड सरळ परावर्तित होऊ लागला. सुताला रेशमासारखी चमक आली! तोवर कॉस्टिक सोडाही स्वस्त झाला होता. पण लो यांना गिऱ्हाईक मिळालं नाही आणि त्यांचं पेटंट बंद पडलं. काही वर्षांनी जर्मनीतल्या क्रेफेल्ड इथल्या थॉमस आणि प्रेवो यांनी ताणूनच चमक आणली आणि माल बाजारात धडाक्यात चालला. प्रक्रियेला नाव मात्र मर्सर यांचंच मिळालं. ती चमक त्यांनी कधी पाहिलीच नाही, आणि लो यांचं नाव कुठल्याच रिळावर नाही.