परक्या शहरातील सात महिने : डॉ. विल्यम केरी

नोकरी हातात नाही, राहण्याची सोय नाही, ओळखीचे माणूस असले तर एखादे, आणि तरी बायकामुलांसह परक्या शहराची वाट धरावी लागते, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या मंडळ्यांत अशी घराणी थोडी नाहीत, की ज्यांचे आजे-पणजे एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन याच रीतीने तेथे उतरले. आजही एखाद्या रविवारी मागच्या बाकावर एखादे अनोळखी कुटुंब येऊन बसते. उपासना संपल्यावर समजते की, घरधनी कामाच्या शोधात आला आहे. ज्या पुरुषाचे चरित्र आज सांगावयाचे आहे, तोही एके काळी असाच बिनकामाचा, परका माणूस होता.

डॉ. विल्यम केरी हे नाव आपल्याला नवे नाही. ते इंग्लंडात जोडे शिवीत होते आणि पुढे सेरामपूरला त्यांनी अनेक भाषांत पवित्र शास्त्र छापले, हे शब्बाथ शाळेतील मुलेही सांगतात. परंतु जोड्यांचे दुकान आणि सेरामपूरचा छापखाना यांच्या मध्ये कलकत्त्यातील आणि सुंदरबनातील सात महिने आहेत. नोव्हेंबर १७९३ पासून जून १७९४ पर्यंतच्या त्या दिवसांविषयी आपण फारसे बोलत नाही. मला मात्र वाटते की, परगावी जाऊन पोट भरू पाहणाऱ्याला त्या महिन्यांतूनच अधिक शिकता येईल.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते, नंतर गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलगा एका जोडे करणाऱ्याच्या हाताखाली राहिला. तेथे काम करता करता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा बऱ्याच अंशी स्वतःच्या कष्टाने शिकून घेतल्या. १७८१ साली डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती वयाने त्याच्याहून काही वर्षे मोठी होती. तिला लिहिता येत नसल्यामुळे विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली काढली. या जोडप्याच्या दोन मुली लहानपणीच वारल्या. केरी मोल्टन येथे आणि १७८९ पासून लेस्टर येथे बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. मिळकत तुटपुंजी होती, पण घर होते, मंडळी होती, आप्त जवळ होते.

१७९२ साली केरींनी परराष्ट्रांत सुवार्ता नेण्याच्या कर्तव्यावर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या बैठकीत वर्गणीचे वचन मिळाले ते अवघे १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स! त्या सुमारास बंगालमध्ये राहून आलेले डॉक्टर जॉन टॉमस भेटले. टॉमस मायाळू आणि उत्साही होते, परंतु पैशाच्या बाबतीत अगदी बेहिशेबी. कलकत्त्यात त्यांचे कर्ज होते. त्यांच्याबरोबर जाण्यास केरी तयार झाले.

डॉरथीने नकार दिला. ती गरोदर होती, पदरी तीन मुलगे होते आणि फ्रान्सशी युद्ध नुकतेच सुरू झाले होते. तिने तोवर समुद्रप्रवास केलेला नव्हता. केरी थोरला मुलगा फेलिक्स याला घेऊन एकटेच निघाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावाचून तिच्या मुलखात राहण्यास बंदी होती आणि यांच्याजवळ परवाना नव्हता. ही गोष्ट उघडकीला आल्यावर त्यांना जहाजावरून उतरविण्यात आले. प्रवास लांबला. टॉमसांनी एका डॅनिश जहाजाची सोय लावली. दरम्यान डॉरथीला चौथा मुलगा झाला होता. दोघे पुन्हा तिच्याकडे गेले आणि त्यांनी तिला गळ घातली. धाकटी बहीण कॅथरीन बरोबर येत असेल तर येईन, असे ती शेवटी म्हणाली. अवघ्या काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन ती जहाजावर चढली. १३ जून १७९३ रोजी जहाज निघाले आणि ११ नोव्हेंबरला ही मंडळी कलकत्त्यास उतरली. केरी तेव्हा ३२ वर्षांचे होते.

सोसायटीने पहिल्या काही महिन्यांच्या खर्चासाठी थोडा माल बरोबर दिला होता. तो कलकत्त्यात विकून पैसे उभे करावयाचे आणि पुढे स्वतःच काही उद्योग पाहावयाचा, असे ठरले होते. शहराची माहिती टॉमसांना, म्हणून सगळा व्यवहार त्यांच्या हाती राहिला. थोड्याच दिवसांत पैसा संपला. टॉमसांनी शहरात डॉक्टरी सुरू केली. केरी मात्र घरची सात माणसे घेऊन निर्वाहाच्या शोधात हिंडू लागले. कंपनीच्या वनस्पतीबागेत अधिकाऱ्याची जागा रिकामी असल्याचे त्यांच्या कानी आले होते. झाडाफुलांचे त्यांना लहानपणापासून वेड, म्हणून मोठी आशा लागली. चौकशी केली तेव्हा ती जागा आधीच भरली गेली होती.

या अडचणीत त्यांना छप्पर कोणी दिले? निलू दत्त नावाच्या एका हिंदू सावकाराने! टॉमसांकडे ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांपैकीच हा एक. शहराच्या कडेला माणिकतळा येथे त्याचे एक लहानसे, जुने बागेतले घर होते. ते त्याने या कुटुंबाला भाडे न घेता राहावयास दिले. तेथे डॉरथी आणि फेलिक्स आमांशाने अंथरुणाला खिळली. रोजच्या पावाचीही वानवा पडली. दोघी बहिणींनी तक्रार केली आणि घरात बोलाचाली झाल्या. केरी मनाने खचत होते, तरी रामराम बसू या मुन्शींच्या मदतीने बंगाली भाषेचा अभ्यास त्यांनी सोडला नाही.

मुन्शींच्या एका नातलगाच्या ओळखीने सुंदरबनाच्या बाजूला जंगल तोडून वसवावयाची जमीन मिळेल, असे कळले. फेब्रुवारी १७९४ मध्ये केरी कुटुंबासह होडीने निघाले. तो भाग वाघांचा आणि खाऱ्या दलदलीचा. शिधा संपत आला असता देभाट्टा येथे नदीकाठी एका इंग्रजाचे घर दिसले. चार्ल्स शॉर्ट हा कंपनीच्या मिठाच्या कामावरचा अधिकारी तेथे राहात होता. ख्रिस्ती धर्माच्या गोष्टींत त्याला गोडी नव्हती. तरी या अनोळखी, आजारी कुटुंबाला त्याने आत घेतले आणि हवे तितके दिवस राहा, असे सांगितले. केरी जवळच बांबूचे घर उभारू लागले. पुढे कॅथरीनचा विवाह याच शॉर्टशी झाला.

मग एक दार उघडले. माल्द्याचे व्यापारी जॉर्ज उडनी यांना टॉमस पूर्वीपासून ओळखत होते, पण मध्यंतरी दोघांत दुरावा आला होता. उडनींच्या भावाचा हुगळी नदीत बुडून मृत्यू झाला, तेव्हा टॉमसांनी सांत्वनाचे पत्र धाडले आणि जुनी मैत्री पुन्हा जुळली. उडनींना नव्या निळीच्या कारखान्यांसाठी दोन व्यवस्थापक हवे होते. एक जागा टॉमसांना आणि मदनावती येथील दुसरी केरींना मिळाली. पगार महिना २०० रुपये. जून १७९४ च्या मध्यावर केरी माल्द्यास पोहोचले. आता माझा निर्वाह होतो, तेव्हा माझ्यासाठी ठेवलेली रक्कम दुसरीकडच्या सुवार्ताकार्याला लावा, असे त्यांनी लगेच सोसायटीला कळविले. त्यांना मायदेशाची पहिली पत्रे मिळण्यास मात्र १७९५ साल उजाडावे लागले.

गोष्ट येथेच संपविली तर ती ऐकावयास गोड वाटेल. पण खरी हकीकत तशी नाही. नोकरी लागल्याला चार महिने होतात न होतात तोच, ऑक्टोबर १७९४ मध्ये, पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. केरी स्वतः आजारी होते. जातीच्या बंधनांमुळे खड्डा खणावयास आणि प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने काही मुसलमान गावकरी खणावयास तयार झाले. पुढच्या वर्षापासून डॉरथीचे मन बिघडले ते कायमचेच. नवऱ्याविषयी भलभलते संशय तिच्या मनात घर करून बसले. कधी कधी तिला कोंडून ठेवावे लागे. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असता केरी भाषांतराचे कागद पुढे घेऊन बसत. ८ डिसेंबर १८०७ रोजी तिची सुटका झाली.

पुढचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. निळीचा धंदा पुरांमुळे बुडाला. १० जानेवारी १८०० रोजी केरी डॅनिश अंमलाखालील सेरामपूरला आले आणि मार्शमन व वॉर्ड यांच्यासह एकत्र राहू लागले. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला आणि १८०१ साली बंगाली नवा करार निघाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी महिना ५०० रुपयांवर शिक्षक नेमले गेले. ज्या शहराने १७९३ साली त्यांना काम दिले नाही, त्याच शहरात ते आता दर आठवड्याला शिकवावयास जाऊ लागले. तेथे बंगाली आणि संस्कृत यांच्या जोडीला त्यांच्याकडे मराठीही आली. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. १८०५ सालीच मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले आणि १८११ साली मराठी नवा करार पुरा झाला. ज्या बागेतील जागा हुकली होती, तिचे अधिकारी डॉ. रॉक्सबर्ग यांच्या वनस्पतिशास्त्रावरील ग्रंथांचे संपादनही पुढे केरींनीच केले. ९ जून १८३४ रोजी सेरामपूरला त्यांनी देह ठेवला.

आता आपण काय घ्यावे?

देव हाक देतो तेव्हा निघावे, हे अब्राहामाच्या चरित्रावरून आपण शिकतोच. पण निघणाऱ्याने हिशेब देवावर टाकू नये. केरींनी कुटुंबाचा सगळा आधार एका बेहिशेबी मित्राच्या हाती सोपविला, ही त्यांची चूक होती आणि तिचे फळ मुलाबाळांनी भोगले. सेरामपूरला ते निराळे वागले. तेथे सर्वांची मिळकत एका सामाईक पेटीत जाई, आणि आपसांतील कुरबुरी मिटविण्यासाठी सर्वजण दर शनिवारी एकत्र बसत. माणिकतळ्याच्या घराने त्यांना हे शिकविले असावे, असे मला वाटते.

दुसरे, डॉरथीविषयी. पुष्कळ प्रवचनांत तिला नवऱ्याच्या कार्यातला अडथळा म्हणून दाखविले जाते. मी स्वतः तसे बोललो आहे, आणि आज त्याचा मला खेद वाटतो. तिने विचारलेले प्रश्न घरातल्या कोणत्याही शहाण्या बाईचे होते. खावयाचे काय? आजारी पडलो तर कोण? मुले जगतील ना? पीटरच्या थडग्याशी उभे राहून तिचे भय खोटे होते असे कोण म्हणेल? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, केरींचा धडा शिकविताना डॉरथीचे नावही आदराने घ्यावे. तिच्या अश्रूंवाचून ही गोष्ट पुरी होत नाही. गाव सोडण्याचा विचार करणाऱ्या बंधूंनीही आधी घरातले म्हणणे ऐकावे. ते भय अविश्वासच असते असे नाही. कधी कधी ती देवानेच दिलेली सावधगिरी असते.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी आहे. त्या सात महिन्यांत केरींना आसरा दिला तो स्वतःचे पैसे अडकलेल्या एका हिंदू सावकाराने आणि धर्माविषयी बेफिकीर असलेल्या एका मीठ-अधिकाऱ्याने. दोघांनीही, हा माणूस पुढे कोण होणार, हे विचारले नाही. दारात आलेले कुटुंब परके आणि उपाशी आहे, एवढे त्यांना पुरे झाले. निलू दत्ताचे घर आणि शॉर्टची ओसरी नसती, तर आपले मराठी व्याकरण आणि मराठी नवा करार यांचे काय झाले असते, याचा विचार करावा.

म्हणून पुढच्या रविवारी मागच्या बाकावर नवे कुटुंब दिसले, तर पाळकसाहेबांच्या येण्याची वाट पाहू नका. नाव विचारा, जेवावयास बोलवा, खोली कोठे मिळेल ते सांगा आणि कामाची एखादी ओळख असली तर चिठ्ठी द्या. घरच्या बाईशी आपल्या घरातल्या बाईने दोन शब्द बोलावेत, कारण परक्या शहरात सगळ्यांत एकटी तीच असते. ज्याला स्वतःला या जगात डोके टेकावयास ठिकाण नव्हते, तो आपला प्रभू अशा घरांचा पाहुणा होतो. तो आपल्या सर्वांना उघड्या दाराचे अंतःकरण देवो.