पहिला निजाम आसफजाह

आमचें पेडगांव ज्या परभणी जिल्ह्यांत आहे, तो जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचा मूळ पुरुष मात्र राजा नव्हता. तो दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार व सेनापति होता. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

मीर कमरुद्दीन याचा जन्म १६७१ सालीं झाला. त्याचें घराणें मध्य आशियांतून आलेलें. आजोबा १६८७ सालीं गोवळकोंड्याच्या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें मृत्यु पावले. वडिलांची दृष्टि गेली, तरी त्यांनीं सेनापतित्व सोडिलें नाहीं. अशा घरांत वाढलेला हा पुरुष १७१३ सालीं दक्षिणेचा सुभेदार झाला व निजाम-उल्-मुल्क हा किताब पावला. १७२२ सालीं त्यास दिल्लीची वजिरी मिळाली. परंतु दरबाराची घडी बसविण्याचे त्याचे यत्न विफल झाले. तेव्हां तो दक्षिणेंत परतला, आणि त्याच्या जागीं नेमलेल्या मुबारिझखानाचा त्यानें ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं साखरखेर्डा येथें पराभव केला. खान रणांत पडला. तेव्हांपासून निजाम वस्तुतः स्वतंत्र झाला. तथापि खुतबा व नाणें त्यानें बादशहाच्याच नांवें चालूं ठेविलें. पुढें बादशहानेंच त्यास आसफजाह ही पदवी दिली.

मराठ्यांशीं त्याचें वैर दीर्घकाळ चाललें. १७२८ सालीं पालखेड येथें बाजीराव पेशव्यानें त्याच्या फौजेचें अन्नपाणी तोडिलें, तेव्हां मुंगी-शेवगांवच्या तहानें शाहूमहाराजांचा चौथाई व सरदेशमुखीचा हक्क त्यास मान्य करावा लागला. १७३७ च्या अखेरीस भोपाळास तो पुन्हा कोंडला गेला.

घरांतही सुख नव्हतें. १७४१ सालीं पुत्र नासिरजंग त्याच्यावर चालून आला. वृद्ध पित्यानें औरंगाबादेजवळ त्याचा मोड केला, पण पुढें त्यास क्षमाही केली.

१ जून १७४८ रोजीं बऱ्हाणपुरास त्याचा अंत झाला. मराठे या देशाचे जमीनदार आहेत, त्यांच्याशीं सलोख्यानें वागावें, असा उपदेश त्यानें वारसांस करून ठेविला होता. खुलदाबादेस त्याची कबर आहे. परंतु वारशाच्या तंट्यांत १७५० सालीं नासिरजंग व १७५१ सालीं दौहित्र मुजफ्फरजंग मारला गेला.

धन्याचें नांव राखून सत्ता स्वतः चालविणें यास इमान म्हणावें काय, हें वाचकांनीं ठरवावें. आम्हांस वाटतें तें इतकेंच: ज्यांच्याशीं आयुष्यभर झुंजला, त्यांच्याशीं सलोखा करण्यास सांगून गेलेला हा सेनापति, अखेरीस तरी तरवारीची मर्यादा ओळखून होता.