विश्लेषण : गाडीचे इंजिन ऑइल घरीच बदलावे का? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य काय सांगते?

भोरहून वरंध घाटाच्या वाटेवर किंवा नसरापूरहून वेल्ह्याकडे रोज गाडी हाकणाऱ्यांना सर्व्हिसिंगसाठी पुण्यात जायचे म्हणजे आख्खा दिवस मोडतो. त्यामुळे निदान इंजिन ऑइल तरी अंगणातच बदलावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. काही जण बदलतातही. बाकीच्यांना भीती वाटते, की आपल्या हातून काही बिघडले तर? यंत्राला हात लावण्याची ही भीती मराठी माणसाच्या मनातून ज्यांनी घालवली, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. त्यांना जाऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

चित्रकार व्हायचे होते, यंत्राकडे कसे वळले?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घर वेदान्ताचा अभ्यास करणाऱ्यांचे. मुलाचे मन मात्र शाळेत रमेना. त्याला चित्रे काढायची होती आणि वस्तू उघडून पाहायच्या होत्या. तो मुंबईला गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. सुमारे दोन वर्षांनी लक्षात आले, की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने ही वाटच बंद झाल्यासारखी होती.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. हे कौशल्य घेऊन ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. शिकवून उरलेला वेळ ते तिथल्या कार्यशाळेत घालवत. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. यंत्र समोर ठेवून, त्याचे भाग वेगळे करून आणि पुन्हा जोडून जे कळेल, तेवढेच त्यांचे शिक्षण.

बेळगावचे सायकल दुकान महत्त्वाचे का?

नोकरीत असतानाच, १८८८ मध्ये, त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात विकत. त्या काळी सायकल ही आजच्या मोटारीइतकी अपूर्वाईची वस्तू होती. ती नुसती विकून भागत नसे. घेणाऱ्याला चालवायला शिकवावे लागे आणि बिघडली की दुरुस्तही करून द्यावी लागे. रामूअण्णा हे सगळे करत.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. दुकानाच्या जोडीला लहानसा कारखाना आला. औषधाच्या गोळ्यांच्या डब्या, गुंड्या, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या, अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. नंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि तिथून त्यांचे लक्ष शेताकडे वळले.

लोखंडी नांगर का खपेना?

लाकडी नांगर माती वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि तास पलटतो. परदेशी नांगर बाजारात होते, पण ते महाग होते. लक्ष्मणरावांनी इथल्या मातीला आणि इथल्या बैलांना झेपेल असा नांगर बनवला आणि तो कारखान्यात तसाच पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली.

शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे, पण त्यांची अडचण खरी होती. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार होता. लोखंडी नांगर ऐन पेरणीत मोडला तर कोणाकडे जायचे? वस्तू विकत घेताना आपण तिची दुरुस्तीही विकत घेत असतो. गाडी घेताना शहाणा माणूस शोरूमच्या आधी गॅरेजवाल्याशी बोलतो, तो याच कारणाने.

झिजलेला फाळ काढायचा आणि नट-बोल्ट आवळून नवा बसवायचा, हे शेतकऱ्याला बांधावर जमू लागले, तेव्हा लोखंडी नांगर त्याचा झाला. पाना हातात धरण्याची मराठी शेतीतली सवय याच काळात वाढली, असे म्हणायला हरकत नाही.

कुंडलच्या माळावर काय घडले?

शहराच्या वाढीसाठी बेळगावची जागा सोडावी लागणार होती. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. भोरच्या वाचकांना औंधची ओळख करून द्यायला नको. भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी ही मराठेशाहीतल्या पदांवरून उभी राहिलेली, सातारच्या छत्रपतींच्या छायेतली शेजारी संस्थाने. राजवाडा, दरबार, मोजका महसूल हे चित्र दोन्हीकडे सारखेच. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. १९१० च्या मार्चमध्ये तिथे काम सुरू झाले. आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

या वाडीच्या रखवालीसाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कामावर घेतले होते. भरवसा ठेवला तर माणूस सुधारतो, यावर त्यांचा विश्वास होता. दोष असेल तर शोधून दुरुस्त करावा, टाकून देऊ नये, ही त्यांची रीत यंत्रांप्रमाणे माणसांनाही लागू होती.

पहिल्या महायुद्धात परदेशातून लोखंड येणे अवघड झाले. नांगर ओतायला कच्चा माल नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. राजगड आणि तोरणा समोर पाहत वाढलेल्यांना ही गोष्ट ऐकून आनंद व्हावा की हळहळ वाटावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या शेतकऱ्याला त्या वर्षी नांगर मिळाला, त्याला मात्र हा प्रश्न पडला नसावा.

मग इंजिन ऑइलचा संबंध कुठे आला?

नांगरापाठोपाठ वाडीत पंप बनू लागले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून आलेले त्यांचे पुत्र शंतनुराव कामात उतरले. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. वीज न पोहोचलेल्या गावांत विहिरीवर आणि नदीकाठी डिझेल इंजिने धडधडू लागली. प्रत्येक इंजिनाजवळ मिस्त्री बसवणे शक्य नव्हते. त्यामुळे इंजिनाखालचा बोल्ट सोडून जुने ऑइल काढायचे, बोल्ट पुन्हा आवळायचा आणि नवे खुणेपर्यंत भरायचे, हे शेतकरी स्वतःच शिकले. अंगणातल्या मोटारीला करायचे काम मुळात हेच आहे. बॉनेट चकचकीत असल्यामुळे ते अवघड वाटते, इतकेच.

ऑइल बदलावेच का लागते?

इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा खाली-वर होतो. धातू धातूवर घासू नये म्हणून मधे ऑइलचा पातळ थर असतो. हेच ऑइल उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचा कीस आपल्यात सामावून घेते. कालांतराने त्याची ही ताकद संपते. बहुतेक नव्या गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जे आधी येईल ते, अशी मुदत असते. नक्की आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. घाटाची चढण, धुळीचा रस्ता, रोजचा दोन-तीन किलोमीटरचा थांबत-थांबत प्रवास असेल, तर ऑइल लवकर थकते. भोर-वेल्ह्यातल्या बऱ्याच गाड्या या वर्गात मोडतात.

ऑइल काळे झाले म्हणजे संपले, हा समज अपुरा आहे. डिझेल गाडीत नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे होते. रंग पाहण्यापेक्षा किलोमीटर आणि तारीख वहीत लिहून ठेवणे बरे.

घरी बदलायचे तर कसे?

पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल, नवा फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर आधी आणून ठेवावा. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल सहज वाहते, कढत ऑइल हात भाजते.

सगळ्यात मोठा धोका गाडीखाली जाण्यात आहे. गाडी सपाट, टणक जागेवर असावी, उतारावर किंवा पावसाने भिजलेल्या मातीवर नसावी. हँडब्रेक ओढून चाकांना ओटी लावावी आणि गाडी उचलल्यावर भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, शिरू नये. स्टँड नसतील तर हे काम घरी करूच नये.

नंतर पसरट भांडे खाली ठेवून ड्रेन बोल्ट सोडावा. ऑइल थेंबावर येईपर्यंत थांबावे. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिलेले नाही ना, हे बघावे. ते राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर सगळे ऑइल रस्त्यावर सांडते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने थोडे ऑइल लावून तो हाताने आवळावा. ड्रेन बोल्टवर जोर काढू नये. चेंबर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याचे आटे गेले की वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो.

ऑइल थोडे कमीच भरावे, इंजिन मिनिटभर चालवावे, खाली कुठे गळते का पाहावे. मग बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी बघावी. ती दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेजवळ हवी. खुणेच्या वर गेलेले ऑइलही इंजिनाला त्रासच देते.

कुठे थांबावे?

काढलेले ऑइल दुधाळ दिसले, तर इंजिनात पाणी किंवा कूलंट शिरल्याची शंका घ्यावी. चमकणारे धातूचे तुकडे दिसले, तर आत काहीतरी झिजते आहे. ऑइलचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करावे. या तिन्ही वेळी मेकॅनिकला बोलावणे हाच मार्ग. गाडी वॉरंटीत असेल तर घरी पाना लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि ऑइल-फिल्टरची बिले जपून ठेवावीत. रंग दिसत नाहीत हे कळल्यावर लक्ष्मणरावांनी चित्रकलेचा हट्ट धरला नव्हता.

जळक्या ऑइलचे काय करायचे?

आपल्याकडे ते दाराच्या चौकटीला, खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाहीतर ओढ्याच्या कडेला ओततात. दोन्ही चूक. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. वेळवंडीचे पाणी भाटघरला येते आणि पूर्वीच्या वेल्हे, आजच्या राजगड तालुक्यातल्या पानशेतचे पाणी पुणे पिते. बांधावर ओतलेले ऑइल भातखाचरातून ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात जायला फार पाऊस लागत नाही, आणि इथे पाऊस कमी पडत नाही. ऑइल नव्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरावे, झाकण घट्ट लावावे आणि पुढच्या फेरीत महामार्गावरच्या एखाद्या मोठ्या गॅरेजला द्यावे. अशी गॅरेजेस ते साठवून पुनर्वापरासाठी पाठवतात. जुना फिल्टरही निथळून त्याच्यासोबतच द्यावा.

लक्ष्मणरावांची अखेरची वर्षे कशी गेली?

१९४८ च्या सुरुवातीला गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला. कारखान्याची जाळपोळ झाली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जवळपास चार दशके उभे केलेले जळत होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि सुरूही झाला. त्याच वर्षी औंध आणि भोर ही दोन्ही संस्थाने विलीन झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

बेळगावात सायकलचे दुकान जिथे होते, त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.