मणिभाई देसाई : वळूचे मोल ओळखणारा गांधीसेवक

दुधाचा हिशेब गायीच्या कासेवरून मांडण्याची आपली रीत आहे. पण कळपाचे भवितव्य ठरते ते वळूवर. गाय वर्षाकाठी फार तर एक वासरू देते, वळूचे गुणदोष मात्र शेकडो वासरांत उतरतात. हे सत्य कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेणाऱ्यांत मणिभाई देसाई यांचे नाव अग्रभागी आहे.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा येथे झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा तरुण १९४२ च्या चळवळीत उतरला आणि पुढे गांधीजींच्या सान्निध्यात आला. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुणे जिल्ह्यातील उरळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य आरंभिले. गांधीजी परतले, मणिभाई मात्र आजन्म तेथेच राहण्याचे व्रत घेऊन थांबले. आश्रमात त्यांनी गीर गायींचा कळप जोपासला आणि या कामातूनच १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी राहिली.

अडचण जुनीच होती. लहान शेतकऱ्याला वळू पोसणे परवडत नसे. उत्तम गोऱ्ह्याचे औतासाठी खच्चीकरण होई आणि माजावर आलेली गाय मोकाट फिरणाऱ्या कोणत्याही वळूकडून फळे. यावर कृत्रिम रेतन हा उपाय होता. नैसर्गिक संयोगात वळूचे एका वेळचे वीर्य एकाच गायीच्या कामी येते. तेच पातळ करून काड्यांत भरले तर शेकडो मात्रा होतात. द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश तापमानाला त्या वर्षानुवर्षे टिकतात. गायीला दूरच्या केंद्रावर नेण्याऐवजी कार्यकर्त्यानेच शेतकऱ्याच्या दारी जावे, ही पद्धत मणिभाईंच्या संस्थेने रुजविली.

धाराशिवसारख्या तापणाऱ्या जिल्ह्यात याचे महत्त्व आणखी आहे. निकोप शुक्राणूंसाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असावे लागते. शुक्राणू पूर्ण तयार होण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने वैशाखातील उन्हाचा फटका पावसाळा सुरू झाल्यावरही जाणवतो. थंडीत साठविलेली मात्रा मात्र या ऋतुचक्रातून मुक्त असते.

मणिभाईंनी होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी वळूंच्या संकराचा पुरस्कार केला. दूध वाढले, तसा आक्षेपही आला : वशिंड नसलेला संकरित बैल उन्हात औताला टिकत नाही आणि देशी वाण मागे पडते. हा आक्षेप निराधार नव्हता. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात उदगीर तालुका होता, तेथील देवणी गोवंश दूध आणि औत या दोन्हींसाठी नावाजलेला. जुळ्या करडांसाठी ख्यात असलेली उस्मानाबादी शेळीही याच मातीतली. हे वाण टिकवायचे तर त्यांचे निवडक वळू आणि बोकडच जपावे लागतील, आणि त्यासाठीही साधन तेच आहे : गोठविलेली वीर्यमात्रा.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने मणिभाईंचा गौरव झाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी ते निवर्तले. कोणत्या वळूचे वीर्य वापरावे, हा निर्णय आता शेतकऱ्याच्या हाती आहे. तो डोळसपणे घेणे हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.