अँथनी वाइल्डिंग

आपल्या शाळेच्या पटांगणावर सायंकाळीं टेनिस खेळणाऱ्या मुलांनीं डेव्हिस कपाचें नांव ऐकिलेंच असेल. इ. स. १९०० सालीं ड्वाइट डेव्हिस या अमेरिकन तरुणानें हा रुप्याचा कप देऊन राष्ट्राराष्ट्रांचे सामने सुरू केले. ज्या देशाकडे कप असे तो स्वस्थ बसे. इतरांनीं प्रथम आपसांत खेळावें व जो सरस ठरेल त्यानें त्या देशास आव्हान द्यावें, असा तेव्हां नियम होता. १९२३ पासून या प्राथमिक फेऱ्यांसाठीं अमेरिका व युरोप असे दोन विभाग पाडण्यांत आले. या फेऱ्यांचें महत्त्व लोकांस सहसा वाटत नाहीं. परंतु वाइल्डिंगच्या चरित्रांतील अशी एक फेरी मला अंतिम सामन्याहूनहि मोठी वाटते.

वाइल्डिंगचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजीं न्यूझीलंडांतील क्राइस्टचर्च येथें झाला. वडील वकील व खेळाचे मोठे शोकीन. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिकून हाहि बॅरिस्टर झाला. पण त्याचें मन रमलें टेनिसमध्यें व मोटारसायकलीवर. मद्य व तंबाखू यांस तो शिवत नसे. (पालकांनीं एवढें मुलांच्या कानावर अवश्य घालावें.) १९१० ते १९१३ अशीं लागोपाठ चार वर्षें विंबल्डनचें एकेरीचें अजिंक्यपद त्याच्याकडे होतें. १९१४ सालीं तें नॉर्मन ब्रुक्स यानें त्याच्यापासून जिंकून घेतलें, आणि त्याच ब्रुक्सचा जोडीदार होऊन तो ऑस्ट्रेलेशियाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त संघांतून, अमेरिकेस गेला.

कप त्या वेळीं अमेरिकेकडे होता. कॅनडास हरविल्यावर पिट्सबर्गजवळ जर्मनीशीं गांठ पडली. जर्मनीचे खेळाडू फ्रॉइट्झहाइम व क्रॉइत्सर. युरोपांत युद्धाचे ढग जमत होते; पण तारेनें येणाऱ्या बातम्या सामने संपेपर्यंत क्लबाच्या चालकांनीं खेळाडूंस कळूं दिल्या नाहींत, असें सांगतात. ऑस्ट्रेलेशियानें सर्व सामने जिंकले. १ ऑगस्ट रोजीं जर्मनीनें रशियाशीं युद्ध पुकारलें. ४ तारखेस ब्रिटिश साम्राज्य युद्धांत उतरलें. जाळीच्या दोहों बाजूंस खेळलेले ते गडी चार दिवसांच्या आंत एकमेकांचे शत्रु ठरले!

दोघे जर्मन स्वदेशीं जाण्यास जहाजांत बसले, परंतु जिब्राल्टर येथें इंग्रजांच्या हातीं सांपडून कैदी झाले. इकडे वाइल्डिंग व ब्रुक्स यांनीं ब्रिटिश बेटांच्या संघास नमवून ऑगस्टच्या मध्यास अमेरिकेवर ३–२ अशी मात केली व कप जिंकला.

लगेच वाइल्डिंग इंग्लंडास जाऊन सैन्यांत शिरला व चिलखती मोटारींच्या पथकांत कॅप्टन झाला. ९ मे १९१५ रोजीं फ्रान्समध्यें न्यव्ह-शापेल गांवाजवळ तोफेचा गोळा पडून तो ठार झाला. वय अवघें एकतीस. त्याच्याशीं पिट्सबर्गला खेळलेले दोघे जर्मन त्या दिवशीं इंग्रजांच्या बंदींतच होते.