दरबार सोडून तिकीट लावणारे गायक: विष्णु दिगंबर पलुस्कर

गाण्यावर पोट कसं भरायचं? आज घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या प्रत्येक नव्या कलाकाराला हा प्रश्न पडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका तरुण गायकालाही तो पडला होता. त्याने शोधलेल्या उत्तरामुळे गाण्याचा व्यवसायच बदलून गेला.

डोळे अधू झाले, गाणं हाती आलं

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या अपघातात विष्णूची दृष्टी अधू झाली आणि शिक्षण थांबलं. उपचारांसाठी तो मिरजेला आला आणि तिथेच ग्वाल्हेर घराण्याचे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणं शिकू लागला. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला.

तेव्हा गवयासमोर वाट एकच असे, ती म्हणजे दरबार. तिथे पोट भरत असलं तरी मान राजाच्या मर्जीवर असायचा. गाणं ऐकायला सगळ्यांना आवडायचं, पण गवयाला प्रतिष्ठित लोकांच्या पंगतीत जागा नसायची. ही गोष्ट पलुस्करांना सलत होती. 1896 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली.

पहिला बदल: श्रोता बदलला

भटकंती करत ते सौराष्ट्रात पोहोचले. तिथे त्यांनी माफक तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय गाणं देवळात किंवा राजवाड्यात ऐकायचं, अशीच तोवरची रीत होती. आता थोडे पैसे मोजून कोणालाही समोर बसता येऊ लागलं. एका धनिकाच्या जागी शंभर सामान्य श्रोते आले. एखादा रुसला तरी गवयाची चूल विझणार नव्हती.

घरंदाज कुटुंबांनाही गाणं आपलंसं वाटावं म्हणून त्यांनी शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर पदं आणली. मथुरेत राहून ते ब्रजभाषा शिकले. थोडक्यात, नवा श्रोता कोण आहे हे त्यांनी आधी समजून घेतलं.

दुसरा बदल: कमाईच्या अनेक वाटा

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ही संस्था कोणा एका राजाच्या पैशावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालायची. तिथे स्त्रियांनाही गाणं शिकता येई.

पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, छापखाना घातला आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं काढली. मैफल एका रात्रीत संपते, पण पुस्तक विकलं जात राहतं आणि शिकलेला विद्यार्थी पुढे दहा श्रोते तयार करतो. मैफल, शिकवणी आणि पुस्तकं यांनी एकमेकांना आधार दिला.

कर्जाचा घोट

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे तिच्यासाठी मोठी इमारत उभी राहिली आणि तिथेच गणित चुकलं. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो, मैफलींचं उत्पन्न मात्र कधी येतं, कधी येत नाही. पैसे उभे करण्यासाठी पलुस्कर गावोगाव गात फिरले, तरी बोजा उतरला नाही. अखेर मालमत्तेचा लिलाव झाला.

आयुष्याच्या अखेरच्या काळात ते नाशिकला आश्रम काढून रामनामात रमले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच त्यांचं निधन झालं. मुलगा दत्तात्रेय, म्हणजेच पुढे गाजलेले गायक डी. व्ही. पलुस्कर, तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता.

मग उरलं काय?

इमारत गेली, पण माणसं उरली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांचेच शिष्य. पलुस्कर गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. गावोगावची मुलं आज ‘प्रारंभिक’ किंवा ‘विशारद’च्या परीक्षांना बसतात, त्या याच मंडळाच्या.

श्रोता स्वतः मिळवावा, एकाच उत्पन्नावर विसंबू नये आणि अनिश्चित कमाईच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नये. नव्या कलाकाराला यातल्या पहिल्या दोन गोष्टी पलुस्करांच्या यशातून कळतात, तिसरी त्यांच्या कर्जातून.