परचुरे शास्त्री आणि सेवाग्रामची कुटी



1924 साली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते, हे आपल्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. टिळकवाडीची काँग्रेस विहीर आपण पाहिलेली असते. गांधीजींचे आणखी एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते खाली वाकून एका रुग्णाचे अंग चोळत आहेत. तो रुग्ण म्हणजे परचुरे शास्त्री. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. हे नाव आम्हास प्रथम हिंदी पुस्तकातच भेटले, मराठी माणसाची ओळख अशी फिरून झाली याचे आजही नवल वाटते.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे जाणकार पंडित होते आणि सत्याग्रहीही होते. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना कुष्ठरोग होता, त्या काळचा शब्द महारोग. त्यांना इतर कैद्यांपासून वेगळे ठेवले होते. गांधीजी त्याच तुरुंगात होते, तेव्हा दोघांत पत्रांची देवघेव चाले. सप्टेंबर 1932 मध्ये गांधीजींनी तेथे उपोषण केले. 26 तारखेला ते सोडताना रवींद्रनाथ ठाकूर हजर होते. त्या प्रसंगी संस्कृत मंत्र म्हणण्यासाठी परचुरे शास्त्रींना आणले गेले. ज्यांना दूर ठेवले होते, त्यांचाच आवाज त्या दिवशी सर्वांनी ऐकला.

पुढे सुटका झाली, पण रोग वाढत गेला. हातापायांवर जखमा झाल्या की माणसाला कोण जवळ करणार? 1939 मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात येऊन पोहोचले. आयुष्याचे शेवटचे दिवस तेथे काढावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

येथे आम्हास थांबावेसे वाटते, कारण गांधीजींनी लगेच होकार दिला नाही. त्यांच्या मनात घालमेल झाली. आश्रमात इतर माणसे होती, त्यांचे काय? फार पूर्वी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला असताना एक कुष्ठरोगी त्यांच्या दारी आला होता. गांधीजींनी त्याला आसरा दिला, जखमा धुतल्या, पण कायम ठेवून घेण्याचे धैर्य झाले नाही. अखेर त्याला सरकारी दवाखान्यात पाठवले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे. आता सत्तरीच्या उंबरठ्यावर तोच प्रश्न पुन्हा दारात उभा होता. त्यांनी तो प्रार्थनेच्या वेळी आश्रमवासीयांपुढे ठेवला. सर्वांनी संमती दिली, तेव्हा शास्त्रींसाठी गांधीजींच्या कुटीजवळच एक कुटी तयार झाली. गांधीजी रोज तेथे जात, स्वतः मालिश करीत, खाण्यापिण्याची चौकशी करीत. सेवाग्रामला गेलात तर ती परचुरे कुटी अवश्य पाहा.

त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आपल्या घाटात उगवणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल टोचत, त्याचा गुण कोणाला येई, कोणाला नाही. नवी औषधे याच सुमारास परदेशात निघत होती, ती शास्त्रींपर्यंत पोहोचली नाहीत. वर्ध्याजवळच दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 पासून कुष्ठधाम चालवले होते. शास्त्री पुढे तेथे गेले आणि 1945 साली तेथेच वारले.

आज परिस्थिती फार बदलली आहे. 1980 च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहा महिने किंवा वर्षभर घेतली की रोग बरा होतो. 1898 चा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा मात्र 2016 पर्यंत पुस्तकात राहिला. कुष्ठरोगाचे कारण देऊन घटस्फोट मागता येत असे, ती तरतूद तर 2019 मध्ये काढली गेली. औषध आधी आले, कायदा मागाहून सुधारला. माणसांच्या मनाबद्दल आम्ही काय लिहावे!

हे सारे आता का सांगतो आहोत, तेही लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाच्या हातावर व ओठाजवळ पांढरे डाग होते. ते कोड होते. कोड स्पर्शाने लागत नाही, सोरायसिसही लागत नाही. तरी एका पालकांनी आपल्या मुलाची जागा बदला असा आग्रह धरला. आम्ही वाद नको म्हणून बाकावरून दुसरे मूल उठवले. तो मुलगा वर्षभर एकटा बसला, डबाही एकटाच खात असे. त्याच्या आईने आमच्याकडे तक्रार केली नाही, पुढच्या जूनमध्ये दाखला मागितला. तो देताना आम्हास तिच्याकडे पाहवले नाही.

30 जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. यंदा त्या दिवशी प्रार्थनेनंतर परचुरे शास्त्रींची ही हकीकत आम्ही स्वतः मुलांना सांगणार आहोत. ज्यांच्या घरी कोणास कोड, सोरायसिस अथवा त्वचेचा असा जुना आजार आहे, अशा पालकांनी त्या दिवशी अकरा वाजता कार्यालयात भेटावे. वर्गात मुलाला काय त्रास होतो, कोणाच्या शेजारी बसणे त्याला आवडते, हे आम्हास त्यांच्याकडून ऐकायचे आहे. मुलालाही सोबत आणावे.